गिरजामाय आणि ट्रॉलीची पिन

रस्त्यावर पुढं ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली की मी आजही मुलाला सांगते, मागंच राहा. शहापूरजवळच्या हायवेवर तर हे दर वेळचं. मुलगा वैतागतो. म्हणतो, "आई, तो बैलगाडीच्या चालीनं चाललाय, आपण किती वेळ त्याची धूळ खायची?" खाऊ. मला त्या ट्रॉलीची चाल दिसतच नाही, तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. ब्रेक लागला की खडाक, सुटला की खडाक. तो आवाज ऐकला की मी मुलाला गाडी आणखी मागं घ्यायला लावते, आणि ही देणगी गिरजामायची. कोणी कोणाला लोणची घालायला शिकवतं, कोणी शिवण शिकवतं. गिरजामायनं मला भ्यायला शिकवलं.

मी शाळेत बाई म्हणून नोकरीला लागले ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी, साकोली तालुक्यात, एकोडीच्या आतल्या अंगाच्या एका गावात. गाव तलावाच्या एका बाजूला, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि माझी शाळा दुसऱ्या बाजूला. मधून तलावाची उंच पार, म्हणजे मातीचा बांध. पारीवरून एक गाडीरस्ता जायचा. त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल नाली, आणि पलीकडच्या टोकाला असा उतार की उतरताना बैलसुद्धा मान वर धरत. गावाला त्या उताराचं काही वाटत नव्हतं. जन्मापासून पाहिलेल्या उताराला कोण भितं?

गिरजामाय भ्यायची. तिच्याकडं मला राहायला खोली मिळाली होती. ट्रंक घेऊन मी अंगणात शिरले तेव्हा एक उंच, वाळकी बाई कासोटा घालून ट्रॉलीच्या फळीला तळहात लावून उभी होती. तिचा मुलगा वासू ट्रॅक्टरवर बसलेला. "समोर घे," ती म्हणायची, तो वीतभर पुढं घ्यायचा. "मांगं घे." तो मागं घ्यायचा. मी नमस्कार करायला तोंड उघडलं तर तिनं मोकळा हात वर केला.

"थांबा बाई. बोलू नोका."

मी ट्रंकेसकट उभी. ट्रॅक्टर पुढं सरकला आणि खडाक झालं. तिचा चेहरा उतरला. माझं नाव-गाव पुसायच्या आधी तिनं मला विचारलं, "आला ना आवाज? तुमालेबी आला ना?"

आला होता. वासू वरून हसत म्हणाला, "बाई, तुमी आल्या आल्या मायच्या पार्टीत नका जाऊ."

हे प्रकरण काय आहे ते मला हळूहळू कळलं. ट्रॅक्टरच्या पाठीशी लोखंडी जबडा असतो, एक पट्टी वर आणि एक खाली. ट्रॉलीच्या दांड्याचं कडं त्या जबड्यात शिरतं, आणि तिघांच्या भोकांतून एक जाड पिन उभी खाली सोडतात. पिन वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाच्या भोकात एक लॉक घालतात. नवं असताना हे सगळं घट्ट बसतं. मग वर्षानुवर्षं धक्के खाऊन पिन झिजते, गोल भोक लांबोळकं होतं, कडं पट्ट्यांमध्ये खालीवर आपटायला लागतं. ट्रॅक्टर ओढायला लागला की एक हिसका, थांबला की मागून ट्रॉलीची धडक. गिरजामाय त्याला 'नाच' म्हणायची. "पिन नाचून राहिली," असं ती घरात साप निघाल्यासारख्या आवाजात सांगायची.

तो ट्रॅक्टर जुनाच. नवरा गेल्यावर भावाभावांच्या वाटणीत तिच्या वाट्याला आला, तो झिजलेल्या पिनेसकटच. गावात सगळ्यांना त्याचं अप्रूप होतं. गिरजामाय मात्र त्याच्याकडं परक्या घरातून आलेल्या मारक्या बैलासारखं पाहायची.

तिचा इलाज एकच, वायसर. कड्याच्या वर-खाली लोखंडी चकत्या घातल्या की खालीवरचा नाच थोडा कमी होतो, एवढं तिला समजलं होतं. साकोलीच्या बाजारात बाकीच्या बाया बांगड्यांच्या दुकानाशी घुटमळायच्या, ही भंगारवाल्यापुढं उकिडवी बसून वायसर निवडायची. तिच्या पदराच्या गाठीत सुपारीच्या जोडीला नेहमी वायसर असायचे. सुपारी द्यायला गाठ सोडली की आधी तेच हातात यायचे. एकदा आमच्या हेडमास्तरांच्या हातावर तिनं सुपारी म्हणून वायसर ठेवला. ते गप्पांच्या नादात तोंडात टाकणारच होते.

"पण वायसरनं भोक थोडंच भरते, माय?" वासू म्हणायचा. खरंच होतं त्याचं. साकोलीच्या वेल्डिंगवाल्यानं सांगितलं होतं, कड्यात नवा बुश, म्हणजे आतून लोखंडी नळी, बसवा, पिन बदला, तेव्हा कुठं नाच जाईल. पण त्यासाठी ट्रॉली चार-आठ दिवस तिथं ठेवायला लागणार. नांगरणी झाली की नेऊ, लग्नसराई आटोपली की नेऊ, असं चाललं होतं. लोखंड काय आज मरतं, असा वासूचा हिशोब. ती म्हणायची, "ढिला जोड अन् गोड बोलनारा मानूस, दोघायचाबी भरवसा नाही."

मी एकदा तिला विचारलं, "गिरजामाय, तुम्हाला इतकी भीती कशाची? कधी काही झालं होतं का?" गावात यावर पुष्कळ गोष्टी होत्या. कोणी म्हणे माहेरी सिहोऱ्याकडं तिची बहीण बैलबंडीखाली गेली, कोणी म्हणे तिला तसलं स्वप्न पडतं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काही नाही झालं. भेवाले कारन काहून पायजे, बाई? भूक लागते तवा कारन पुसते का कोनी?"

तिच्या या भेवापायी गावाची गैरसोय कशी व्हायची याचा एक किस्सा सांगते. वासूच्या मित्राचं लग्न होतं. वरात ट्रॉलीतून पलीकडच्या गावी निघाली. नवरदेव बाशिंग बांधून पुढच्या फळीला टेकून बसलेला, भोवती वऱ्हाडी, डफडेवाले. पारीचा उतार आला तर गिरजामाय रस्त्याच्या मधोमध उभी. घरून मधल्या वाटेनं पुढं येऊन थांबली होती. "उतरा बाप्पा. उताराच्या खाली बसजा मंग."

नवरदेवाचा बाप भडकला. "अहो गिरजाबाई, नवरदेव पायी चालला त लोक का म्हनतीन?"

"पायानं चालला म्हनतीन," ती म्हणाली. "तेवढं त म्हनतीन."

शेवटी बाशिंग सावरत नवरदेव उतरला, आणि बाराही महिने अनवाणी हिंडणारा तो गडी नव्या बुटांत लंगडत उतार उतरला. डफडेवाल्यांनी वाजवणं काही थांबवलं नाही, त्यामुळं ते दृश्य आणखीच बघण्यासारखं झालं. रिकामी ट्रॉली खडाक खडाक करत सुखरूप खाली गेली. लोक महिनाभर हसत होते. वासू मात्र हसला नाही. त्याच्या बरोबरीची पोरं त्याला 'मायचा ड्रायव्हर' म्हणायला लागली होती. ट्रॉलीचा आवाज लांबून आला की चावडीवर कोणीतरी ओरडायचं, "गिरजामायले सांगा हो, पिन नाचून राहिली!"

मीही हसायचे. पण रात्री पडल्यावर तो उतार डोळ्यांपुढं यायचा. ती भीती अशी अंगाला चिकटणारी होती.

पुढच्या पावसाळ्यात रोवणा सुरू झाला. धानाचे कोवळे परे उपटून चिखलाच्या बांधीत लावायचे दिवस. रोवायला जाणाऱ्या बाया पहाटेपासून कामाला लागत, आणि वासू त्यांना पऱ्याच्या पेंड्यांसकट ट्रॉलीतून पलीकडं पोचवून द्यायचा. शाळेत पोरं नव्हती, सगळी बांध्यांत गेलेली. मी त्या सकाळी अंगणात दात घासत होते. बाया हसत-खिदळत ट्रॉलीत चढल्या, त्यांची म्होरकी शेवंता सगळ्यांत शेवटी, आपल्या न्हात्याधुत्या पोरीला वर ढकलून मग स्वतः. वासूनं ट्रॅक्टर सुरू केला. ट्रॉली निघाली, अंगणातून वळली आणि गेली.

गिरजामाय चुलीपाशी होती. ती हातात डाव तसाच धरून बाहेर आली.

"आवाज नाही आला," ती म्हणाली.

"बरंच झालं की," मी म्हटलं. "आज शहाण्यासारखी गेली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तसे डोळे मी आजवर कोणाचे पाहिले नाहीत. "झिजलेलं लोखंड एका राती भरते का, बाई?"

आणि डाव टाकून ती धावत सुटली. मी तिच्या मागं. चिखलात माझी एक चप्पल गेली ती मी तिथंच सोडली. काय झालंय ते मला कळलेलं नव्हतं, तरी मी थांबले नाही. आवाज असला की ती भ्यायची हे मला माहीत होतं. आवाज नसताना तिला असं धावताना पाहून माझी पाचावर धारण बसली.

दैव बरं की पारीच्या त्या टोकाला, उताराच्या अलीकडं, तलावाच्या देवीचं ठाणं होतं. रोवायला निघालेल्या बाया तिथं थांबून हळदीकुंकू वाहत. ट्रॉली थांबलेली होती. चार-दोन बाया खाली, बाकीच्या वरच. शेवंता पुन्हा चढायला पाय उचलत होती.

"उतरा!" गिरजामायला धाप लागली होती. "समद्या उतरा व माय!"

"झालं सुरू," कोणीतरी म्हणालं. "चिखलात पायी जाऊन मंग दिवसभर वाकाचं का?"

शेवंतानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि उचललेला पाय खाली ठेवला. "माय म्हनते त उतरा," ती म्हणाली, आणि आपल्या पोरीला दंडाला धरून ओढलं. एकेक करत सगळ्या उतरल्या. पऱ्याच्या ओल्या पेंड्यांचा ढीग तेवढा ट्रॉलीत राहिला.

गिरजामाय जोडाशी वाकली. जबड्यात बोटं घातली आणि ग्रीसमध्ये बुडवलेली गोणपाटाची पट्टी ओढून काढली. कड्याभोवती, पिनेभोवती, फटीफटीत गोणपाट ठासलेलं होतं. नाच थांबला नव्हता, त्याचा आवाज तेवढा दाबून टाकलेला. आणि खालून तिनं हात फिरवला तो तसाच थांबला. गोणपाटाच्या बोळ्यावर पिन अडकून बोटभर वर राहिली होती, तिच्या टोकाचं भोक पट्टीच्या आतच राहिलं होतं. त्यामुळं लॉक बसलंच नव्हतं.

"लॉक कोठी हाये, वासू?"

"खिशात," तो म्हणाला. मग त्याचा तोल गेला. "रोजचं आहे तुझं हे! गावात तोंड दाखवू देत नाहीस मले. आवाज बंद केला तरी तुले चैन नाही! आता पाह्य, काही होत नाही. तू पाह्यच."

"वासू, लॉक घाल. पाया पडतो तुह्या, लॉक घाल."

आई मुलाच्या पाया पडते म्हणाली. ते ऐकून तो थांबेल असं मला वाटलं. त्यानं ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला.

उताराच्या मध्यावर त्यानं ब्रेक दाबला असावा. ट्रॉलीनं मागून धडक दिली, पिन वर उडाली आणि दांडा सुटून जमिनीत घुसला. मग ती अख्खी ट्रॉली दांड्यावर आडवी फिरली, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर आदळली आणि पारीवरून पाण्याकडं गेली. ट्रॅक्टर दुसऱ्या अंगाला फेकला जाऊन नालीच्या काठावर कलला. वासू मला दिसेना.

बाया पारीवर उभ्या होत्या. खाली ट्रॉली उलटी पाण्यात होती, तिचं एक चाक फिरत होतं आणि हिरव्या पेंड्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या. सगळ्या त्या पेंड्यांकडं बघत होत्या. शेवंतानं पोरीला इतकं आवळून धरलं होतं की ती पोर रडायला लागली, तेव्हा कुठं बाकीच्या भानावर आल्या.

गिरजामाय बसूनच घसरत नालीत उतरली. वासू चिखलात पडला होता, डोळे उघडे. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती एकच म्हणत होती, "पाय हालव. माह्या राजा, पाय हालव." त्यानं एक हलवला. दुसरा घोट्यात मोडला होता. एक पाय हलला एवढ्यावर ती बाई माझ्याकडं बघून हसली, आणि मग त्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसायला लागली.

"मी सांगितलं होतं," असं ती एकदाही म्हणाली नाही. गावाचा मात्र सूर पालटला. चावडीवरची पोरं तिला वाट द्यायला लागली. शेवंता आणि बाया सूपभर तांदूळ घेऊन आल्या तर ती ओशाळली. "माह्या भेवाचं कवतिक नोका करू व," ती म्हणाली. "हा रोग आहे. तुमाले नाही झाला, बरं आहे."

बैलजोड्या लावून ट्रॉली पाण्यातून काढली आणि ती सरळ साकोलीला गेली. कडं भरून, त्यात नवा बुश बसवून, नवी जाड पिन आणि लॉक घेऊन परत आली. लॉक हरवू नये म्हणून ते बारीक साखळीनं दांड्यालाच बांधून दिलं होतं. दिराच्या मुलानं ट्रॅक्टर पुढं-मागं करून दाखवला. गिरजामायनं फळीला तळहात लावला. पुन्हा लावला. "हाताले धक्काच नाही," ती म्हणाली, पण तिच्या स्वरात आनंद नव्हता. ती बाजेवर बसलेल्या वासूकडं बघत होती.

त्याचा पाय दिवाळीच्या आधीच भरून आला. पण तो ट्रॅक्टरवर चढेना. आज पाय ठणकतो, उद्या बघू. सकाळी उठून ट्रॅक्टरपाशी जायचा, मडगार्डवर हात ठेवून उभा राहायचा आणि परत येऊन बाजेवर बसायचा. धान कापून झालं, भारे बांध्यांत पडून, खळ्यावर आणायचे होते. दिराचा मुलगा आपल्या कामाला निघून गेलेला. एके दिवशी गिरजामायनं त्याला हलकेच विचारलं तेव्हा तो माझ्यासमोरच म्हणाला, "माय, मले मांगून आवाज येते. ट्रॉली जोडलीच नाही, तरी येते."

बरा झालेला पाय पुढं करून बसलेला आपला तरणा मुलगा तिनं पाहिला, आणि मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा तिला उतारापेक्षा मोठं भेव वाटलं. हा असाच बसून राहिला तर? ही गोष्ट तिच्या कुठल्याच वायसरनं सुधारणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर अंगणात चार माणसांकडून ढकलून ट्रॉली जोडून घेतलेली आणि गिरजामाय तिच्यात चढत होती. मी बघतच राहिले. इतक्या दिवसांत तिला ट्रॉलीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फळीला धरून ती कशीबशी वर गेली, पदर खोचला आणि पुढच्या फळीपाशी, बरोबर जोडाच्या वर, मांडी घालून बसली.

"वासू," तिनं हाक मारली. "चाल, भारे आनाले जाऊ."

तो दारात उभा. "माय, तू उतर आंदी."

"मी पिनेकडं पाहून राहिली. तू समोर पाह्य. जरा काही हाललं त मी सांगन." मग मला म्हणाली, "बाई, तुमीबी चढा. शाळा रस्त्यातच त हाये."

तिला माझी सोबत हवी होती हे मला कळलं. मला चढायचं नव्हतं, पण मी चढले. वासूनं येऊन लॉकची साखळी ओढून पाहिली. मग एकदाचा तो सीटवर बसला. ट्रॅक्टर पहिल्या खेपेला बंदच पडला. दुसऱ्या खेपेला चालू राहिला आणि आम्ही निघालो. हिसका नाही, आवाज नाही. पारीवर आलो तेव्हा गिरजामायनं माझं मनगट धरलं. देवीचं ठाणं गेलं. उतार दिसायला लागला आणि ट्रॅक्टर पाऊलपाऊल चालू लागला. वासूची मान खांद्यांत गेली होती. मागं वळून बघण्याची त्याची हिंमत नव्हती.

उताराच्या मध्यावर, त्याच जागी, त्यानं समोर बघतच विचारलं, "माय, पिन हाये ना?"

"हाये रे," ती म्हणाली. "मी पाहून राहिली ना. चाल तू."

आवाज अगदी सरळ होता. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, आणि तिनं दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले होते.